तीन बोटं, पण कोणाची?

पाच आठवडे माझे वरचे आणि खालचे दात एकमेकांना तारेनं बांधलेले होते. तार काढल्यावर सर्जननी मला तोंड उघडायला सांगितलं आणि मी उघडलं. निदान माझी तशी समजूत होती. सर्जन थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "उघडा ना." मी म्हणालो, उघडलंय. मग त्यांनी दातांच्या फटीत एक छोटी पट्टी धरली आणि आकडा वाचला. अकरा मिलिमीटर. एवढ्या फटीतून टपालपेटीत पत्र पडेल, पण माणसाच्या तोंडात साधा बिस्किटाचा तुकडासुद्धा उभा जाणार नाही.

हाडं छान जुळली आहेत, आता तीन बोटं तोंड उघडलं की तुम्ही सुटलात, असं सर्जन म्हणाले. केसपेपरवरही त्यांनी तेच लिहिलं, 'मुख तीन बोटे उघडणे आवश्यक'. बोटं कोणाची, ते काही लिहिलं नाही. मोठी माणसं असले बारीकसारीक शब्द गाळतात आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीवर जातात. तेही गेले.

जबडा मोडला कसा, हे मी सांगणार नाही. स्टूल, पडद्याचा दांडा आणि बेसिनची कड, या तीन वस्तूंची नावं घेतली की समजूतदार माणसाला पुरे व्हावं. हनुवटीपाशी एक आणि कानापाशी एक अशा दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. माझ्या तोंडाला कुलूप असल्यामुळे विचारपूस करायला येणाऱ्यांना बायको उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी ती सगळी हकीकत सांगायची, स्टुलाच्या डुगडुगत्या पायासकट. चौथ्या दिवसापर्यंत ती 'पडले' एवढ्या एका शब्दावर आली. तोही ती माझ्याकडे न बघता उच्चारायची. त्यानंतर आमच्या इमारतीतली पुरुषमंडळी जिन्यात तिला आदरानं वाट देऊ लागली.

आता मी कोण, ते सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. मी बस स्थानकावर उद्घोषक आहे. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते मी एकोणीस वर्षं सांगत आलो आहे. गावात माझा चेहरा कोणी ओळखत नाही, पण आवाज सगळे ओळखतात. एकदा औषधाच्या दुकानात मी जरा आवाज चढवून बोललो, तर रांगेतल्या दोन माणसांनी चटकन आपापल्या पिशव्या उचलल्या होत्या.

कार्यालयाचं पत्र तार काढली त्याच आठवड्यात आलं. 'सदर कर्मचाऱ्याने महिनाअखेरपर्यंत मुखाची कार्यक्षमता वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर सिद्ध करावी. अन्यथा त्यांची बदली गहाळ वस्तू विभागात करण्यात येईल व सध्या उद्घोषणा करणारे कर्मचारी त्यांच्या जागी कायम करण्यात येतील.' थोडक्यात, तीन आठवड्यांत तीन बोटं, नाहीतर जन्मभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळायच्या. पत्र वाचून मी मनात एक कडक उत्तर तयार केलं. ते बाहेर काढायलाही अकरा मिलिमीटरचीच वाट होती.

सध्या उद्घोषणा करणारे कर्मचारी म्हणजे छत्रीवाले. बावीस वर्षं ते गहाळ वस्तू विभागात होते. त्यांचं नाव पगारपत्रकावर असेल, पण स्थानकात त्यांना सगळे छत्रीवालेच म्हणतात. मी पडलो त्या दिवशी तासाभरात हजर होऊ शकणारे तेच एकटे होते, म्हणून त्यांना माइकसमोर बसवण्यात आलं. माझी अपेक्षा होती की पहिल्याच दिवशी ते सकाळची गाडी संध्याकाळच्या फलाटावर लावतील आणि लोक माझ्या नावानं हळहळतील.

आमचं घर स्थानकाच्या मागच्याच रस्त्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कर्णा स्पष्ट ऐकू येतो. छत्रीवाल्यांच्या चुका टिपण्यासाठी मी एक वही घेतली आणि तारेनं बांधलेल्या तोंडानं नळीतून सूप ओढत रोज त्या खिडकीत बसू लागलो. पाच आठवड्यांनी वहीत एकच नोंद होती, 'खोकला, एकदा'. तीही नंतर खोडावी लागली, कारण तो खोकला शेजारच्या घरातला निघाला.

"आवाज किती शांत आहे त्यांचा," बायको एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली. "अजिबात घाई करत नाहीत."

एकोणीस वर्षं संसार केलेल्या... म्हणजे एकोणीस वर्षं माइक सांभाळलेल्या नवऱ्याला हे ऐकवायचं, आणि तेही त्याचे दात बांधलेले असताना. मी नळीतून जोरात सूप ओढलं. निषेध नोंदवायला माझ्याकडे तेवढंच साधन होतं.

तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवायला दवाखान्यात एक बाई होत्या. माझ्यापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी लहान असतील, पण पहिल्या वाक्यापासून त्यांनी मला काका केलं. त्यांनी माझ्या दोन्ही गालांवर चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि दात आवळायला सांगितले. यंत्राच्या पडद्यावर उजव्या गालाच्या नावानं डोंगर उभे राहिले. डाव्या गालाच्या नावानं नुसतं माळरान दिसत होतं.

"हाडाचं काही नाही, काका," त्या म्हणाल्या. "स्नायू घाबरलाय. हाड मोडलं तेव्हा त्यानं जबडा घट्ट धरून ठेवला, आणि आता सोडायला तयार नाही. तुमचं लक्ष त्याच्यावर असलं की तो आणखी आवळतो. लक्ष दुसरीकडे गेलं की सोडेल."

माझ्या अंगात असा भित्रा प्राणी राहतो, हे मला सत्तेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, त्याचा व्यायाम मात्र दिवसातून सहा वेळा आरशासमोर उभं राहून करायचा होता. त्यासाठी त्यांनी घसा तपासताना वापरतात तशा चपट्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला. काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या आणि रोज एखादी वाढवायची. सुरुवात सहा काड्यांनी झाली. आरशावर बायकोनं भुवयांच्या पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढून दिली. हनुवटी त्या रेघेवरून सरळ खाली यायला हवी होती. माझी हनुवटी दर वेळी रेघ सोडून डावीकडे जायची. तिकडे आमच्या फ्रीजचं दार आहे.

इथपर्यंत हा माझा खाजगी प्रश्न होता. मग त्यात वरच्या मजल्यावरचे मोजणीदार आले. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना मोजायला काही मिळालेलं नाही. पहिल्याच भेटीत ते लोखंडी जबड्याचं एक मापयंत्र घेऊन आले. ते उकळत्या पाण्यातून काढलं आहे, असं त्यांनी वर सांगितलं. त्यांनी तीनदा मोजून सरासरी काढली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या सूचनाफलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, एक आलेख लावला. त्यावर आडव्या रेघेत तारखा आणि उभ्या रेघेत माझं तोंड होतं.

माणसाची अब्रू म्हणजे काय, हे त्या तीन आठवड्यांत मला कळलं. दूधवाला खालूनच विचारायचा, आज एकोणीस का? तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शीळ घालायचा सल्ला दिला. त्यांच्या नवऱ्यानं खोडरबर चघळायला सांगितलं आणि नमुन्यादाखल एक आणूनही दिलं. माझी थोरली बहीण फोनवरून म्हणाली की लहानपणी तुझं तोंड कधी मिटत नव्हतं, तेव्हाचं आठव. एका रविवारी आलेख एक मिलिमीटर खाली आला, तर जिन्यात भेटणारा प्रत्येक जण 'हं' म्हणून पुढे जात होता. मी काही तरी लपवून खाल्लं असावं, असा त्यांचा सूर होता.

तार काढल्याच्या सतराव्या दिवशी बायकोनं आपली तीन बोटं जोडून माझ्या दातांमध्ये धरली आणि ती अलगद आत गेली. मला खरोखर भरून आलं. बोलता येण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवली. त्या आनंदात मी साडेसात आठवड्यांनंतर पहिला टोस्ट खाल्ला. त्याला वीस मिनिटं लागली आणि शेवटी डावा गाल इतका दमला की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवून आल्यासारखं वाटलं.

टोस्ट संपायच्या आत मोजणीदार आले. वहिनींची बोटं प्रमाण धरता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती फार नाजूक आहेत. त्यांनी स्वतःची बोटं लावून पाहिली, तर अडीचच गेली. मग एकाच माणसाच्या बोटांवर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, म्हणून त्यांनी इमारतीतल्या अठरा प्रौढ माणसांची बोटं मोजली. दोन दिवस जिन्यात लोक हात पुढे करून उभे होते. सरासरी निघाली एकावन्न मिलिमीटर. माझं तोंड चाळीस होतं. पास झालेला मी पुन्हा नापास झालो, आणि आलेखावर ते लाल शाईनं दाखवण्यात आलं.

मी दवाखान्यात गेलो. सर्जन अजून सुट्टीवरच होते. त्यांचे सहायक म्हणाले, बोटं म्हणजे बोटं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या की ज्याचं तोंड त्याची बोटं, यात विचारायचं काय? ते कागदावर लिहून द्या म्हटलं, तर सर्जनच्या कागदावर लिहायचा त्यांना अधिकार नव्हता. मी तिथेच स्वतःची तीन बोटं लावून पाहिली. दोन गेली, तिसरं नखापर्यंत गेलं आणि स्नायूनं दार लावून घेतलं.

तपासणीच्या दोन दिवस आधी छत्रीवाले घरी आले. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि गाडी रद्द झाल्याचं लोकांना वाईट न वाटेल असं कसं सांगायचं, ते त्यांनी मला विचारलं. मी तेव्हा बावीस काड्या दातांत धरून बसलो होतो. मला त्या काढायच्या नव्हत्या. आपण काय सहन करतो आहोत, ते त्यांनी बघावं असं मला वाटत होतं. त्यामुळे सगळं बायकोच बोलली. घाबरलेला स्नायू, लक्ष दुसरीकडे जाणं, अकरा वाजताची तपासणी, महिनाअखेर, बदली, काहीही तिनं शिल्लक ठेवलं नाही. मी दिवसभर खिडकीत बसून त्यांच्या चुका शोधत असतो आणि एकही सापडत नाही म्हणून चिडतो, हेही तिनं हसत हसत सांगून टाकलं. मी काड्यांआडून तिला दटावलं, पण ते शब्दांत उतरलं नाही.

छत्रीवाले सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की त्यांची खोली बंद आहे आणि सापडलेल्या छत्र्या हल्ली वऱ्हांड्यात ढीग करून टाकतात, चिठ्ठी न लावता.

"ओल्या तशाच मिटून ठेवतात हो," ते म्हणाले. "बुरशी धरते."

जाताना त्यांनी तपासणीची वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली. जागा कायम होण्याची त्यांना घाई झाली आहे, असा मी त्याचा अर्थ लावला आणि ते गेल्यावर, काड्या अजून तोंडातच असल्यामुळे, बायकोला लिहूनही दाखवला. तिनं कागद वाचला आणि चहाचे कप उचलले.

तपासणीची खोली उद्घोषणेच्या खोलीला लागूनच आहे. मध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे. वैद्यकीय तपासणीचा छापील नमुना मुळात चालकांसाठी तयार केलेला, त्यामुळे मला आधी भिंतीवरची अक्षरं वाचावी लागली, मग लाल-हिरवा रंग ओळखावा लागला, मग मुठी आवळून दाखवाव्या लागल्या. यात माझी कामगिरी चोख झाली. मात्र नमुन्यात तोंडाला रकानाच नव्हता. आस्थापना विभागातल्या बाईंनी पट्टी घेऊन तो हातानं आखला, 'मुख: (अ) उघडणे, (ब) चावणे'. एका सरकारी कागदात माझ्यासाठी नवीन रकाना निघाला याचा मला क्षणभर अभिमान वाटला. मोजणीदार आलेख आणि अठरा माणसांची यादी घेऊन माझ्यासोबत आले होते. त्यांना बाहेर बाकावर बसवण्यात आलं.

वैद्यकीय अधिकारी आडव्या बांध्याचे गृहस्थ होते. त्यांनी केसपेपर वाचला, उजव्या हातात रबरी मोजा चढवला आणि स्वतःची तीन बोटं जोडून माझ्यासमोर धरली. एकेक बोट चांगल्या पिकलेल्या केळ्याएवढं होतं. मी अत्यंत नम्रपणे म्हणालो की बोटं माझी धरायची असतात. कुठे लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. आस्थापनेच्या बाईंनी परिपत्रकांची फाइल काढली. त्यात 'सर्व मोजमापे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वहस्ते घ्यावीत' असं होतं. स्वहस्ते, बाईंनी पुन्हा वाचलं. हातात बोटं आलीच, यावर त्या दोघांचं एकमत झालं. शंका असेल तर मुख्य कार्यालयाकडून खुलासा मागवता येईल, पण त्याला चार महिने लागतील, असंही त्यांनी सांगितलं.

पहिल्या प्रयत्नात साहेबांची दोन बोटं गेली. दुसऱ्यात दीडच. मी मनातल्या मनात डाव्या गालाची विनवणी करत होतो आणि तो तसतसा आवळत चालला होता. चावण्याच्या परीक्षेसाठी त्यांनी एक काडी दिली. मी ती सर्व शक्तीनिशी चावली. साहेबांनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि परत माझ्याच हातात दिली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मला त्या क्षणी छत्र्या दिसल्या. काळ्या, मिटलेल्या, निवृत्तीपर्यंतच्या सगळ्या छत्र्या. आणि काचेच्या खोलीतली माझी खुर्ची, जिच्या उजव्या हातावर माझ्या कोपरानं गुळगुळीत खळगा पाडला आहे, तिच्यावर दुसराच कोणी तरी बसलेला दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि एकदा शेवटचं बघू म्हणाले. तीन बोटं पुन्हा माझ्या ओठांपाशी आली.

तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा बोलू लागला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक नऊवर उभी आहे."

आमच्या स्थानकात फलाट आठच आहेत. ज्या चुकीची मी आठ आठवडे खिडकीत बसून वाट पाहत होतो, ती ही अशी माझ्या कानाशी येऊन उभी राहिली. जबडा, साहेब, नमुना, महिनाअखेर, सगळं मी विसरलो. आठच आहेत फलाट, एवढंच मला त्या भिंतीपलीकडच्या माणसाला सांगायचं होतं, आणि ते मी एकोणीस वर्षांच्या सवयीनं पार्सल खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगायला लागलो. त्यातला 'आ' पूर्ण बाहेर पडला. त्या 'आ'मध्ये साहेबांची तिन्ही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. मग मी शब्द पुरा करण्यासाठी तोंड मिटलं. 'ठ'च्या जागी साहेबांचा आवाज आला.

साहेबांनी हात झटकन मागे घेतला. कर्णा म्हणाला, "क्षमस्व. गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." त्या आवाजात घाई नव्हती.

साहेबांनी मोजा उतरवून बोटं खिडकीपाशी नेली. माणूस न्यायी होता, हे मी मान्य करतो. "दोन्ही बाजूंचे दात सारखे उमटलेत," ते म्हणाले आणि डाव्या हातानं त्यांनी रकाना भरला, '(अ) तीन बोटे (वैद्यकीय अधिकाऱ्यांची). (ब) समाधानकारक'. बाईंनी शिक्का मारला. मोजणीदारांनी दार किलकिलं करून नेमका मिलिमीटरचा आकडा विचारला, पण तो सांगायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

मी तसाच शेजारच्या खोलीत गेलो. छत्रीवाल्यांनी माइक फडक्यानं पुसून ठेवला होता आणि त्यांची पिशवी आवरून तयार होती. मी जिंकलेला माणूस होतो, त्यामुळे मोठेपणा दाखवणं मला परवडत होतं. चालायचंच, घाईत एखादी चूक होते, असं मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले. "लक्ष नव्हतं." आणि छत्र्यांना लावायच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा खिशात टाकून ते वऱ्हांड्यातल्या छत्र्यांकडे गेले.

त्यांच्या मागे टेबलावर नोंदवही राहिली होती. दिवसभराच्या सगळ्या उद्घोषणा ते आदल्या दिवशीच तिच्यात लिहून ठेवायचे, मोत्यासारख्या अक्षरात. मी आजचं पान काढलं. अकरा वाजून दहा मिनिटांच्या ओळीत लिहिलं होतं, 'अकरा पंधराची गाडी, फलाट ४'. आणि त्याखाली, त्याच शाईत, त्याच संथ अक्षरात, 'आधी ९ म्हणणे. (९ फलाटच नाही, कोणी धावणार नाही.) मग क्षमा मागणे.'

मी वही मिटली आणि माझ्या खुर्चीत बसलो. पलीकडे वऱ्हांड्यात छत्र्या एकेक करून उघडल्याचे आवाज येत होते. पुढची गाडी साडेअकराची होती, आणि तोपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी मी माइक सुरू केला. ज्या प्रवाशांच्या छत्र्या गेल्या दोन महिन्यांत हरवल्या असतील, त्यांनी गहाळ वस्तू विभागात जावं, तिथले जबाबदार गृहस्थ कामावर परत आले आहेत, असं मी सांगितलं. वेळापत्रकात नसलेली उद्घोषणा केल्याबद्दल कार्यालयानं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. तो मी अजून दिलेला नाही.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती. तिनं सकाळपासून सगळं ऐकलं होतं. चुका टिपायची माझी वही तिनं आवरून कपाटात ठेवून दिली होती.

"ती छत्र्यांची सूचना छान दिलीत," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तुम्ही घाई केली नाहीत."